नव्वदच्या आत

मावशींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, कमरेची किल्ल्यांची जुडी सोडली, केसांतल्या दोन पिना काढल्या आणि मग भिंतीला हात टेकून त्या वजनकाट्यावर चढल्या.

"पिनांनी काय होणार आहे, मावशी?" दवाखान्यातली आहारताई म्हणाली.

"काही होणार नाही. पण काट्यावर जे येईल ते माझंच असलं पाहिजे. पिनांचं मी का म्हणून सोसू?"

काट्यावरचे आकडे थोडे पुढेमागे झाले आणि थांबले. चष्म्याशिवाय मावशींना ते दिसत नव्हते. त्यांनी खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. काका पुढे वाकले, डोळे बारीक केले आणि तीस वर्षं घरोघरचे पाण्याचे मीटर वाचलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले,

"अठ्ठ्याण्णव, चारशे."

"मागच्या वेळी?"

"अठ्ठ्याण्णव, चारशे."

मावशी उतरल्या. उतरताना उजवा गुडघा कटकन वाजला, तो खोलीतल्या तिघांनीही ऐकला. पिना पुन्हा केसांत खोवायला त्यांना बराच वेळ लागला.

हाडांच्या डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी सगळं समजावून सांगितलं होतं. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजून गेली आहे, हाडाला हाड घासतं आहे, सांधे बदलावे लागतील. पण एवढ्या वजनावर नाही. जखम भरून येत नाही, जंतू धरतात, भूल देणाऱ्याचाही जीव टांगणीला लागतो. "नव्वदच्या आत या, मी दुसऱ्या दिवशी तारीख देतो," ते म्हणाले होते. तेव्हा मावशी एकशे चार होत्या. आणि एक किलो उतरला की चालताना गुडघ्यावरचे चार किलो उतरतात, हेही त्यांनी सांगितलं होतं. मावशींना तो हिशेब फार आवडला. दुकानदाराने मापापेक्षा जास्त घालावं तसा.

पहिल्या दोन महिन्यांत साडेपाच-सहा किलो उतरले. मग काटा जो अडला तो अडलाच.

आहारताईने वही मागितली. वही काकांच्या हातची होती. मावशी सांगायच्या आणि काका लिहायचे. तारीख, वेळ, पदार्थ, नग. 'सकाळी ६. दूध १ कप, साखर ०. पाव १.' एकही खाडाखोड नाही. ताईने चार पानं उलटली, पुन्हा मागे आली.

"यात काही चूक दिसत नाही. एवढंच खात असाल तर वजन उतरायला हवं."

"म्हणजे मी खोटं सांगते?"

"मी असं म्हटलं का?" ताईने वही मिटली. पोर वयाने लहान होती, पण घाईची नव्हती. "असं करू या. तुम्ही मला तुमची सकाळ सांगा. कँटीनचं दार उघडलंत. मग?"

मावशी कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होत्या. तीनशे माणसांचं जेवण. गेली चार वर्षं त्या उंच स्टुलावर बसून रांधत होत्या, पण रांधत होत्या.

"मग शेगड्या पेटवते. एका बाजूला भाताचं आधण. दुसऱ्या बाजूला रश्शाचं फोडणीला टाकते. कांदा परतला की बघते. मसाला घातला की बघते. पाणी पडलं की मीठ बघते."

"कसं बघता?"

"कसं म्हणजे? मीठ काय डोळ्यांनी बघतात?" मावशींनी डावा तळहात पुढे केला, उजव्या हाताने हवेतली पळी त्यावर कलती केली आणि तळहात तोंडाशी नेला. चाळीस वर्षांची सवय. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

ताई त्या तळहाताकडे पाहत राहिली.

"हे वहीत कुठे आहे?"

काकांनी वही उघडली, बोट फिरवलं. "ही काही बोलली नाही."

"खाल्लं असतं तर बोलले असते ना! चव घेणं म्हणजे काय खाणं झालं? खायला बसावं लागतं."

ताई उठली, आत गेली, आणि पाण्याने भरलेलं भांडं, एक पळी आणि तीन वाट्या घेऊन आली. म्हणाली, हा रस्सा समजा. जेवढा हातावर घेता तेवढा वाटीत टाका. जेवढ्या वेळा घेता तेवढ्या वेळा. मावशींना मजा वाटली. लहानपणी भातुकलीत खोटा स्वयंपाक करायच्या तशा त्या मोठमोठ्याने बोलत पाणी टाकू लागल्या. हा कांदा. हा मसाला. हे मीठ. हे पुन्हा मीठ, कारण मदतनीस बाई बोलत बोलत घालते. ही सुकी भाजी, हिचं तेल वर आलं का बघायचं. हा दुसऱ्या पाळीचा रस्सा. पहिली वाटी भरली. दुसरी भरली. तिसरी निम्मी झाली तेव्हा मावशी हसायच्या थांबल्या.

"रोज?" ताईने विचारलं.

"रविवारी सुट्टी असते," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. मग वाट्यांकडे बघत, "मी तुमच्यापासून काही चोरून ठेवलं नव्हतं हो."

"मला माहीत आहे. कणाकणानेच जातं पोटात, कळत नाही. आता चव घेऊन थुंकून टाकत जा."

"अन्न थुंकू? तीनशे माणसं त्या खिडकीतून बघत असतात. उद्या कुणी जेवेल का माझ्या हातचं?"

मग चव दुसऱ्या कुणीतरी घ्यायची असं ठरलं. जाताना ताईने सहज विचारलं, गुडघे नवे झाले की पहिल्यांदा काय करणार? मावशींनी लाजून काकांकडे पाहिलं. काका वही पिशवीत घालत होते.

"तलावाच्या बांधावर जाऊन बसणार," मावशी म्हणाल्या.

लग्न झालं तेव्हा दोन खोल्यांत नऊ माणसं होती. सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद तिच्या दोन पोरांसकट, आणि ही दोघं. तोंडातून शब्द निघाला की घरभर पोचायचा. काका कामावरून सुटले की कँटीनच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहायचे, आणि दोघं तलावाच्या वाटेने जायची. सव्वा मैल. वाट शेवटी चढाची. वर बांधावर दगडी कट्टा. पहिलं मूल होऊन गेलं, त्याचं रडणं तिथेच रडून झालं होतं. नंतर मुलगी झाली, तिचं नाव तिथे ठरलं. सासूवरचा राग तिथे निघायचा आणि घरी येईपर्यंत निवायचा. पुढे सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, मुलगी लग्न होऊन परमुलखात गेली. दोन खोल्या रिकाम्या झाल्या. पण बोलायची सवय बांधावरची. घरात दोघं समोरासमोर बसली की एकमेकांना पाण्याचा तांब्या पुढे करायची, आणि गप्प.

चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी वाट सोडली. शेवटच्या चढावर मावशी बसल्या त्या तीन माणसांनी उठवल्या. त्यानंतर काका एकटेच जाऊ लागले. मावशींनीच लावून दिलं होतं. "तुम्ही जा. एकाने तरी जावं. येऊन मला सांगा." रोज संध्याकाळी सहाला ते निघायचे, सातला यायचे, हात धुऊन बसायचे आणि सांगायचे. पाणी किती चढलं. कुठली पाखरं आली. कट्ट्यावर कोण होतं. मावशी भाजी निवडत ऐकायच्या. दिवसातलं तेवढंच बोलणं.

चव घेण्याचं काम शेवटी काकांकडे आलं. कँटीनच्या दोन मदतनिसांपैकी एकीला बारमाही सर्दी, आणि दुसरी सगळ्यालाच "मस्त" म्हणायची. काकांची सेवानिवृत्ती होऊन सात वर्षं झाली होती, सकाळ मोकळीच होती. ते नऊ वाजता स्वच्छ सदरा घालून आले आणि पातेल्यापाशी उभे राहिले. मावशींनी पळी त्यांच्या हातावर कलती केली.

"कसं आहे?"

"बरं आहे."

"मीठ?"

"आहे."

"आहे म्हणजे? किती?"

"असतं तेवढं."

"अहो, काय सांगू मी तुम्हाला! कमी की जास्त? मसाला कच्चा लागतो का? जिभेच्या टोकाला काय कळतं, घशापाशी काय कळतं?"

काकांनी विचार केला. खरोखर मनापासून केला, कपाळावर आठ्या आल्या. "गरम आहे," ते म्हणाले.

मदतनिसांनी पदराआड तोंड लपवलं. मावशींनी कपाळाला हात लावला. "चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवलात, आणि जिभेला एक शब्द फुटू नये! मीटर वाचता येत होता ना? मग हाही वाचा."

तसं काकांचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा हात पुढे केला, चाखलं, डोळे बारीक केले.

"मीठ पाच. तिखट चार. आंबट दोन."

पहिल्या दिवशी जेवण अळणी झालं आणि खिडकीतून बऱ्याच गोष्टी ऐकू आल्या. "मावशी, मिठाचा संप आहे का?" तिसऱ्या दिवशी मावशींना कळलं की काकांच्या मापात मीठ सात म्हणजे बरोबर. आठवड्याभरात तिखट चार, आंबट तीन हेही बसलं. मग त्या पातेल्यांच्या पलीकडून नुसता आवाज द्यायच्या आणि काका आकडे सांगायचे. मावशी वासावर आणि आकड्यांवर रांधू लागल्या. पळी हातावर कलती करायला मनगट आपसूक वळायचं. त्यांनी डाव्या तळहातावर रुमाल बांधला.

वजन उतरायला लागलं. सत्त्याण्णव. पंचाण्णव. भूक लागायची ती पोटाला नाही, तळहाताला लागायची. कांदा तेलात पडला की मावशी तोंड फिरवून घ्यायच्या. पण जिन्याच्या दोन पायऱ्या एका दमात चढता येऊ लागल्या, आणि संध्याकाळी काठी घेऊन मागच्या गल्लीत दहा-पंधरा घरांपर्यंत जाऊन येता येऊ लागलं. काका तेव्हा तलावावर असायचे.

एका संध्याकाळी काका येऊन बसले आणि म्हणाले, "आज उतरतं ऊन पाण्यावर असं पडलं होतं, जणू कुणी ओलं पातळ झटकून पसरून ठेवावं."

मावशींचा भाजी निवडायचा हात थांबला. "काय सुंदर सांगितलंत!"

काका पायाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वारा भन्नाट होता. कान बधिर झाले. एकदम कडक!"

"भन्नाट?" मावशी हसल्या. "कोणाच्या संगतीत असता हो? पोराटोरांचे शब्द बोलायला लागलात."

त्या हसल्या, पण नंतर चूल पुसताना त्यांना ते दोन दिवस काही जुळेनात. एक दिवस पोथी वाचणाऱ्यासारखं, एक दिवस शाळकरी पोरासारखं. आणि सकाळी रश्शाबद्दल विचारलं तर मीठ सात. त्यांनी मनाशी म्हटलं, तलावाची जादू. आपल्यालाही नाही का बांधावर गेलं की बोलायला सुचायचं.

त्या महिन्याचं वजन बघायचा दिवस दुपारनंतरचा मिळाला. काका यायला निघाले, पण मावशींनी त्यांना येऊ दिलं नाही. "बसने जाईन, बसने येईन. तुमचं फिरणं चुकवू नका. आज मला पाखरांचं ऐकायचंय." दवाखान्यात त्यांनी पिना काढल्या, किल्ल्या काढल्या, काट्यावर चढल्या. आकडा ताईने वाचला.

"नव्वद, सहाशे."

"नव्वदच्या आत नाही."

"सहाशे ग्रॅम, मावशी. पुढच्या आठवड्यात या. मी डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवते. तारीख मिळाली म्हणून समजा."

बसमध्ये मावशी मनातल्या मनात 'नव्वद, सहाशे' घोकत होत्या. ते कुणाला तरी लगेच सांगावंसं वाटत होतं. सव्वासहा झाले होते. नेहमीच्या थांब्याच्या आधीचा थांबा इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यावर होता. तलावाची वाट तिथूनच फुटायची. काका परत येतील ते तिथूनच. मावशी तिथेच उतरल्या.

इस्त्रीवाल्याचं दुकान दोन्ही बाजूंनी उघडं होतं. गल्लीच्या बाजूने त्या आत शिरल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या, आणि बसायला काही आहे का म्हणून पलीकडे पाहिलं. दुकानापुढच्या बाकावर काका बसले होते. पाठ इकडे, तोंड तलावाच्या वाटेकडे. शेजारी पिशवी. पाय सैल सोडलेले, बराच वेळ बसलेल्या माणसाचे असतात तसे.

मावशी हाक मारणार होत्या. तेवढ्यात वाटेवरून एक मुलगी धावत आली, कानात काहीतरी घातलेली, घामाने भिजलेली. काकांनी हात वर केला. मुलगी थांबली, जागच्या जागी पाय उडवत राहिली.

"काय म्हणतोय तलाव?"

"भारी आहे, काका! पाणी शेवटच्या पायरीला लागलंय. आणि ती काळी बदकं आहेत ना, त्यांना पिल्लं झाली. सहा! एकामागून एक, आगगाडीसारखी."

"सहा," काका म्हणाले. "वारा?"

"वारा अजिबात नाही आज. पाणी एकदम काचेसारखं."

"काचेसारखं," काका म्हणाले.

मुलगी गेली. मागून एक म्हातारे गुरुजी काठी टेकत आले, तेही बाकाशी थांबले, आणि न विचारताच सांगू लागले. काका मान हलवत होते. बोटांची पेरं मोजत होते. एखाद्या शब्दाशी त्यांचे ओठ हलत होते.

इस्त्रीवाल्याने मावशींना कधीच पाहिलं होतं. त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"कधीपासून?" मावशींनी विचारलं. आवाज न करता, नुसते ओठ हलवून.

त्यानेही आवाज खाली ठेवला. "तुमचं येणं बंद झालं तेव्हापासून. पहिले दोन दिवस गेले होते. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परत आले, इथे बसले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, एकट्याला चढवत नाही." त्याने एका सदऱ्याची कॉलर सरळ केली. "मग म्हणाले, घरी ती वाट बघते आहे, तिला सांगायला काहीतरी न्यायला हवं."

मावशी मागच्या बाजूने बाहेर पडल्या. गल्लीतून घर तसं जवळ होतं. वाटेत त्या दोनदा थांबल्या, आणि दोन्ही वेळा गुडघे दुखत नव्हते.

काका सातला आले. हात धुतले, बसले.

"किती?"

"नव्वद, सहाशे."

काकांनी मनात वजाबाकी केली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू हळूहळू आलं, आधी डोळ्यांशी, मग तोंडाशी. "म्हणजे सहाशेच."

"पुढच्या आठवड्यात तारीख देतील."

"बरं झालं," काका म्हणाले. मग पुन्हा, "बरं झालं." मावशींनी दोघांची ताटं वाढली आणि समोर बसल्या.

"सांगा."

काका सांगू लागले. पाणी शेवटच्या पायरीला लागलंय. वारा नाही, पाणी काचेसारखं. काळ्या बदकांना सहा पिल्लं झाली, एकामागून एक, आगगाडीसारखी. पलीकडच्या काठावरचं झाड पाण्यात उलटं उभं होतं, खऱ्यापेक्षा जास्त हिरवं. ते झाड गुरुजींचं होतं. मावशींना प्रत्येक वाक्य कोणाचं ते कळत होतं, आणि काकांनी ती सगळी किती जपून आणली होती, एकही सांडू दिलं नव्हतं, तेही कळत होतं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. झाल्यावर विचारलं,

"पिल्लं सहाच?"

"सहा. मोजली."

मावशींनी ताटातला घास केला, पण तो हातातच ठेवला.

"नवे गुडघे झाले तरी तीन महिने तरी लागतील म्हणे. मग आपण जाऊ."

"जाऊ की."

"पण एकदम नको. आधी कोपऱ्यापर्यंत. मग वाटेतल्या पुलापर्यंत. चढ अगदी शेवटी."

"हो, हो. तुला एकदम झेपायचं नाही."

"मला नाहीच झेपायचं," मावशी म्हणाल्या. त्यांनी तांब्या उचलून काकांच्या पेल्यात पाणी ओतलं, काठापर्यंत. "आणि तुम्हालाही आता सवय राहिली नसेल."

काकांचा हात ताटात थांबला. ते वर बघेनात. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावली, तिचं चाक थोडा वेळ फिरत राहिलं आणि थांबलं. मावशींनी हातातला घास तोंडात घातला आणि सावकाश चावला, ताईने सांगितलं होतं तसा.

काकांनी पेला उचलला, पाणी प्यायलं, पेला जागेवर ठेवला.

"उद्यापासून," ते म्हणाले, "मीही थोडं चालायला लागतो."